भिवंडीची रात्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा भाचा आपल्या दोन मित्रांना घेऊन आमच्या घरी अंबाडीला आला. तिघंही पंचविशीच्या आतले. मित्र पुण्याकडचे, भिवंडीजवळच्या एका गोदामात नुकतेच नोकरीला लागलेले. जेवणं झाली, पानसुपारी झाली आणि त्यातल्या एकानं सहज विचारलं, "काका, इकडे बघण्यासारखं काय आहे? आणि रात्री? म्हणजे नाइट लाइफ वगैरे?"

भाच्याला हसू आवरेना. म्हणाला, "अरे, कसली नाइट लाइफ? भिवंडीत रात्री दोनच जण जागे असतात, माग आणि डास!"

सगळे हसले, मीही हसलो. पण ते हसणं मला थोडं लागलं. हा पोरगा बाहेरगावी कुणी विचारलं तर "कल्याणजवळ राहतो" असं सांगतो, हे मला ठाऊक होतं. भिवंडी म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते आम्ही भिवंडीकर फार वर्षांपासून वाचत आलो आहोत. मी उठलो, डोक्याला मफलर गुंडाळला आणि म्हटलं, "चला. उद्या सकाळपर्यंत तुम्ही माझे पाहुणे."

त्या एका रात्रीची हकिकत आज तुम्हाला सांगायची आहे.

अंबाडी हे भिवंडी तालुक्यातलं गाव. भिवंडीहून वाड्याला जाणारा रस्ता आमच्या नाक्यावरून जातो, आणि इथूनच एक फाटा वज्रेश्वरी, गणेशपुरीकडे निघतो. त्यामुळे लहानपणापासून आमच्या नाक्यावर दुनिया बघायला मिळाली. नवसाला निघालेली माणसं, लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरलेल्या आदिवासी बाया, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत गणेशपुरीच्या आश्रमात येणारे गोरे साहेब आणि मडमा. भगवान नित्यानंदांनी १९६१ साली गणेशपुरीत देह ठेवला. पुढे त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांच्यामुळे त्या गावाचं नाव सातासमुद्रापार गेलं. आम्ही पोरं नाक्यावर केळी विकत घेणाऱ्या मडमेभोवती गोळा व्हायचो. एकूण काय, बघण्यासारखं काय आहे हा प्रश्न आमच्या नाक्याला कधी पडला नव्हता.

पोरांना आधी वज्रेश्वरीला नेलं. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई जिंकल्यावर हे देऊळ उभं राहिलं. बावन्न पायऱ्या चढून जायचं. वरचा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधलेला. देवळावरून खाली उतरलं की तानसा नदीच्या काठानं गरम पाण्याची कुंडं. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी अशी ही कुंडांची ओळच आहे. पावसाचं पाणी भेगांतून खोल जमिनीत मुरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि पुन्हा वर येतं. गावातली म्हातारी माणसं याचा संबंध देवीनं मारलेल्या राक्षसांशी लावतात. मला दोन्ही गोष्टी आवडतात. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी कुंडातून वाफ उठते, माणसं कमरेइतक्या पाण्यात निवांत बसलेली असतात, आणि कोण कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, हे वाफेत काही दिसत नाही. पावसाळ्यात मात्र नदीकडे जाऊ नये. तानसा कधी भरेल याचा नेम नसतो.

चैत्र अमावास्येला इथं मोठी जत्रा भरते. त्या जत्रेत माझी चाची बांगड्यांचं दुकान लावायची. रात्र रात्र तिच्याजवळ बसून मी बांगड्यांच्या माळा सोडवून दिल्या आहेत. देवीची पालखी निघाली की चाची दुकानावर कापड टाकायची आणि उभी राहायची. मी विचारलं, "चाची, आपण का उभं राहायचं?" ती म्हणाली, "अरे, जिच्या दारात रोजी मिळते, ती बाहेर पडली तर बसून राहायचं?" माझ्या आयुष्यातली पहिली 'नाइट लाइफ' म्हणाल तर ती. पेट्रोमॅक्सचा उजेड, पाळण्यांचा करकराट, शेवचिवड्याचा वास आणि चाचीच्या हातातली काचेची किणकिण.

अंधार पडायच्या सुमाराला आम्ही भिवंडीच्या रस्त्याला लागलो. अंबाडी सोडली की दुगाड लागतं. तिथल्या गुमतारा डोंगराची काळी रेघ आकाशावर दिसत होती. गाडी थांबवून पोरांना म्हटलं, "इथं डिसेंबर १७८० मध्ये मराठ्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. मराठ्यांचे सेनापती रामचंद्र गणेश इथं पडले." ज्यांनी वसईची कथा ऐकली होती त्यांना दुगाड माहीत नव्हतं. जिथं जिंकलो तिथं देवळं उभी राहतात. जिथं हरलो तिथं एक फाटा तेवढा उरतो, त्यावर बसचा थांबा असतो. हौशी मंडळींनी हिवाळ्यात सकाळी लवकर निघून गुमतारा जरूर चढावा, पण गावातला माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावा. झाडी दाट आहे आणि वाटा फसव्या आहेत.

कवाड, शेलार मागे पडलं, कामवारी नदीचा पूल आला, की भिवंडी कानांना कळते. डोळ्यांना नंतर. खटाखट, खटाखट. पोरं म्हणाली, "पाऊस पडतोय का कुठं?" मी म्हटलं, "हा आमचा बारमाही पाऊस. शुक्रवारी तेवढी उघडीप."

श्रोतेहो, भिवंडी एके काळी खाडीवरचं बंदर होतं. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली, आणि स्वराज्याचा पाय समुद्राच्या पाण्याला लागला. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतले मोमीन विणकर पोटासाठी इथं येऊन हातमागावर बसले. आंध्र-तेलंगणातून पद्मशाली आले, त्यांचं पद्मानगर झालं. कोकणी मुसलमान, आगरी, कुणबी, ब्राह्मण, कोळी तर आधीपासूनच होते. विसाव्या शतकात हातमागाचा यंत्रमाग झाला आणि गाव शहर होऊन गेलं. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती सात लाखांवर होती. इतकी माणसं एका गावात नांदतात, त्या गावाला बघण्यासारखं काही नाही, असं कसं म्हणावं?

मी पोरांना एका मागाच्या कारखान्यात नेलं. बी.ए. झाल्यावर मी अकरा वर्षं अशाच एका कारखान्यात रात्रपाळीला मेहताजी होतो. मेहताजी म्हणजे कापडाचा आणि हजेरीचा हिशेब लिहिणारा. मराठी वाङ्मयाची पदवी घेतली आणि मीटर मोजत बसलो. पण तक्रार नाही. माझ्या पहिल्या कविता ग्रे कापडाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवरच लिहिल्या आहेत.

आत शिरल्यावर पोरांनी कानांवर हात घेतले. आडवा धोटा ताण्यातून धावतो आहे, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, आणि एक माणूस पाच-सहा माग एकटा सांभाळतो आहे. कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की सांधायचा. तिथं बोलून काही ऐकू येत नाही, म्हणून कामगार ओठ आणि बोटं वाचतात. चहा हवा, तर अंगठा ओठाला. मालक आला, तर मिशीला हात. बारा बारा तासांच्या दोन पाळ्या, आणि मजुरी मीटरवर. एका पाहुण्यानं बाहेर आल्यावर विचारलं, "यांना ऐकायला कमी येत असेल ना पुढे?" मी म्हटलं, "येतं. घरी गेल्यावर बायकापोरांशी हे लोक ओरडून बोलतात, आणि बायकापोरांना वाटतं रागावले."

एक सूचना करतो. असा कारखाना बघायला जाल तर विचारून जा, आणि कामगाराचा फोटो न विचारता काढू नका. तो तमाशा नाही, त्याची पाळी आहे. आणखी एक. बघायचं असेल तर लवकर बघा. कित्येक जुने माग भंगारात गेले, कित्येक शेडची गोदामं झाली. ज्या आवाजाला आम्ही कंटाळलो होतो, तो काही गल्ल्यांतून बंद झाल्यावर तिथल्या म्हाताऱ्यांना झोप येईनाशी झाली आहे.

रात्री दहाच्या पुढे आम्ही भिशीत जेवलो. भिशी म्हणजे पैशांची नव्हे. महिन्याचे पैसे भरून कामगार जिथं जेवतात त्या खानावळीला इथं भिशी म्हणतात. वरण, भात, रोट्या, एखादी भाजी, ठरलेल्या दिवशी मटण. शेजारी बसलेला कामगार उत्तर प्रदेशातल्या मऊचा, समोरचा बिहारचा, वाढणारी बाई तेलुगू, आणि सगळ्यांचा हिशेब मराठी पाटीवर. तिथून तीन बत्तीकडे गेलो. शीग कबाबचा धूर, फालुद्याचे पेले, आणि कुठल्याशा बाकावर कालच्या मुशायऱ्याची उजळणी चाललेली. भिवंडी हे उर्दू शायरीचं मोठं गाव. मी मराठीत लिहितो, हे तिथल्या दोस्तांना आधी नवल वाटायचं. घरात कोकणी, बाजारात उर्दू, कागदावर मराठी. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, ते वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मी कॉलेजात होतो. आपण एकटे नाही, एवढंच त्या बातमीनं सांगितलं, आणि ते पुष्कळ होतं. आता या बाकावर मराठी कविता वाचली तरी दाद मिळते. कळली नाही तर "फिर से" म्हणतात.

त्या बाकावर बसूनच मी पोरांना वडिलांची गोष्ट सांगितली.

वडील भिवंडीत जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री. रोज शेवटच्या एस.टी.नं अंबाडीला यायचे. मे १९८४ मध्ये मी चौदा वर्षांचा होतो. भिवंडी पेटली. त्याआधी मे १९७० मध्येही पेटली होती, तेव्हा मी आईच्या पोटात होतो. त्या रात्री शेवटची एस.टी. आली नाही. दुसऱ्या रात्री नाही, तिसऱ्या रात्रीही नाही. आई ओट्यावर बसून असायची. भिवंडीच्या बाजूला आभाळ लाल दिसतं का, हे बघायची. चौथ्या दिवशी पहाटे आमच्याच गावच्या एका आगरी शेजाऱ्यानं त्यांना गवताच्या ट्रकमधून, पेंढ्यांच्या खाली बसवून आणलं. वडील उतरले, हातपाय धुतले आणि काही न बोलता झोपले. पुढे कधीही त्या तीन रात्रींबद्दल ते बोलले नाहीत. शेजाऱ्यानंही मेहेरबानी केल्याचं कधी दाखवलं नाही. फक्त ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा त्यांच्याकडे जायचा, तो आजही जातो.

पोरं गप्प झाली होती. मी म्हटलं, "पुढचंही ऐका." १९८८ च्या सुमाराला सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त भिवंडीत आले. त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू-मुसलमान, दुकानदार, मास्तर, मुकादम, सगळ्यांना पोलिसांबरोबर एका सतरंजीवर बसवलं. नळाचं भांडण, पोरांची मारामारी, असले बारीक तंटे तिथल्या तिथं मिटवायला सुरुवात झाली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या नावाचं पुस्तकच पुढे खोपड्यांनी लिहिलं. मी तेव्हा नुकताच मेहताजी झालो होतो. चौकाचौकांत शेकोटी करून बसलेली समितीची माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. दोन्हीकडची. थंडीनं कुडकुडत, बिड्या ओढत, अफवेची वाट अडवून बसलेली.

म्हणून मी पोरांना म्हटलं, "तुम्ही विचारलंत, रात्री बघण्यासारखं काय आहे. हे आहे. रात्रीचा एक वाजला आहे, दुकानं उघडी आहेत, आणि आपण चौघं वेगवेगळ्या घरचे इथं फालुदा खात बसलो आहोत. माझ्या आईला हे चित्र दाखवलं असतं तर तिनं दृष्ट काढली असती."

तिथून आम्ही अंजूर फाट्याकडे गेलो. अंजूर म्हणजे वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांना साथ देणाऱ्या गंगाजी नाईकांचं गाव. आज तिथून माणकोलीपर्यंत गोदामं आणि ट्रकच ट्रक. मुंबईकर सकाळी दारात ज्या वस्तूची वाट बघतो, ती रात्री इथं कुणाच्या तरी पाठीवर असते. पाहुण्यांना आपलं गोदाम रात्री प्रथमच बाहेरून दिसलं. पहाटे निहारी खाल्ली, वऱ्हाळा तलावाच्या काठावर उजाडताना चहा घेतला आणि सातच्या आत अंबाडीला परतलो. वाटेत एका मित्राला घरून फोन आला. तो सांगत होता, "आई, भिवंडीला आहे. हो, भिवंडीच. रात्रभर फिरलो." माझा भाचा खिडकीबाहेर बघत होता. काही बोलला नाही, पण हसलाही नाही.

इथं ही हकिकत संपायला हवी होती. मीही मनातून खूश होतो. पण घरी आलो तर माझी मुलगी चहाचा कप घेऊन दारात उभी. ती भिवंडीत कॉलेजला जाते, रोज एस.टी.नं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अब्बा, मी भिवंडीत तीन वर्षं जाते आहे. मी रात्रीची भिवंडी एकदाही पाहिली नाही. मला कधी दाखवणार?"

मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर मी अभिमानानं जे दाखवलं होतं, ते डोळ्यांपुढून पुन्हा गेलं. कारखाना, भिशी, तीन बत्ती, फाटा. भिशीत वाढणारी ती एक बाई सोडली, तर सगळ्या रात्रीत बाईमाणूस दिसलंच नव्हतं. आणि ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. दंग्याची भीती गेली म्हणून मी दिवे मोजत होतो. अर्ध्या गावाची रात्र अजून आठ वाजताच संपते, हे मात्र मी हिशेबात धरलं नव्हतं. अकरा वर्षं मेहताजी राहूनही!

असं नाही की आमच्या बायका रात्री बाहेर पडतच नाहीत. रमजानच्या रात्री बाजारपेठ बायकामुलांनी फुललेली असते, बांगड्या, अत्तर, मालपोवा, दोन दोन वाजेपर्यंत. नवरात्रात पद्मानगरच्या तेलुगू बायका फुलांचे थर रचून बतुकम्मा मांडतात आणि तिच्याभोवती फेर धरून गातात. आगऱ्यांच्या लग्नात हळदीच्या रात्री धवलारीण गात असते. आमच्या बाजूच्या वारली पाड्यांवर भात तयार होऊ लागलं की तारपा वाजतो आणि बायापुरुष हातात हात घालून नाचतात, तिथं तर कुणी कुणाला विचारतही नाही. माझी चाची जत्रेत रात्रभर धंदा करत होती. म्हणजे सणाला रात्र बाईची होते. साध्या मंगळवारी होत नाही. आणि शहर खरं कसं आहे ते साध्या मंगळवारीच कळतं.

तर मी काय केलं? पुढच्या मंगळवारी मुलीला आणि तिच्या आईला घेऊन निघालो. बायको म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणतील, कवीला वेड लागलं. ते आधीपासूनच म्हणतात." तीन बत्तीला फालुदा खाल्ला. सुरुवातीला दोघी ओढण्या सावरून बसल्या होत्या. चार डोकी वळून बघत होती. मग दुकानदारानं, तो माझ्या ओळखीचा, फडका मारून टेबल पुसलं आणि विचारलं, "भाभी, मलाई ज्यादा डालूं?" तेवढ्यानं बसणं सोपं झालं. नंतर मुलगी म्हणाली, "मला माग बघायचा आहे." तिच्या आजोबांनी जे माग दुरुस्त केले, ते तिनं कधी चालताना पाहिले नव्हते. धोटा धावताना बघून ती बराच वेळ उभी राहिली. निघताना एका म्हाताऱ्या कामगारानं तिच्याकडे बघून बोटांनी काहीतरी खूण केली. तिनं मला विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "म्हणाले, पुन्हा ये."

तेव्हा श्रोतेहो, तुम्हीही या. वज्रेश्वरीची कुंडं बघा, गुमतारा चढा. लोनाडची लेणी आणि तिथलं शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर बघा. भिवंडीत दिवाण शाहांच्या दर्ग्यावर घटकाभर बसा. मराडे पाड्याला २०२५ साली शिवाजी महाराजांचं मंदिर खुलं झालं आहे, तेही बघा. आणि रात्र झाली की हॉटेलात जाऊन झोपू नका. शुक्रवार सोडून कुठल्याही रात्री या, म्हणजे मागांचा पाऊस ऐकायला मिळेल.

एकच विनंती. येताना घरातल्या लेकीसुना, बहिणी, आई, ज्या असतील त्यांना बरोबर आणा. त्या दिसल्या की आमच्याही घरच्या बाहेर पडतील. बाकावर जागा आम्ही करू.